‘सिस्टीममध्ये दाखवत नाही’ म्हटलं, की पुढे काय करायचं?

निकालांचे दिवस आले की भांडुप-कांजूर पट्ट्यातल्या वाचकांकडून ठरावीक प्रश्न येतात. पेपर दिला, तरी गुणपत्रिकेवर गैरहजर. परीक्षेची फी भरली, बँकेतून पैसे गेले, पोर्टलवर मात्र ‘पेंडिंग’. आईच्या नावात एक अक्षर जास्त. महाविद्यालयाच्या खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळतं, “सिस्टीममध्ये दाखवत नाही, कलिनाला जा.” कुर्ल्याला उतरून, बस पकडून कलिनाला, मुंबई विद्यापीठाच्या आवारात गेलं तर तिथे म्हणतात, “कॉलेजचं पत्र आणा.” दोघांचंही म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं, आणि चप्पल तुमची झिजते. ही पायपीट बरीच कमी करता येते. त्यासाठी विद्यापीठाच्या संगणकामागे कोणकोण बसलेलं असतं, एवढं माहीत हवं.

आधी विचारा: नोंद कोणाची?

विद्यापीठाच्या कुठल्याही प्रशासकीय प्रणालीशी तीन वेगळ्या मंडळींचा संबंध येतो.

पहिली मंडळी माहिती भरणारी, म्हणजे तुमच्या महाविद्यालयाचं कार्यालय. त्यांना विद्यापीठाने लॉगिन दिलेलं असतं. तुमचं नाव, विषय, अंतर्गत गुण, परीक्षा अर्जाची मंजुरी, हे सगळं तिथून वर जातं.

दुसरी मंडळी त्या माहितीची मालक. परीक्षा विभाग, पात्रता विभाग, स्थलांतर प्रमाणपत्र देणारा विभाग. एकदा शिक्कामोर्तब झालेली नोंद बदलायची तर यांची लेखी मान्यता लागते.

तिसरी मंडळी संगणकाची. विद्यापीठाचे तंत्रज्ञ आणि प्रणाली पुरवणाऱ्या संस्थेची माणसं. पान उघडत नाही, ओटीपी येत नाही, प्रवेशपत्र डाउनलोड होत नाही, ही यांची कामं. पण तुमचे गुण किंवा नाव बदलण्याचा अधिकार यांना नाही, आणि नसावाच. फोनवरच्या विनंतीने गुण बदलणारा तंत्रज्ञ असता, तर त्या गुणपत्रिकेला कोणी विचारलं नसतं.

घोटाळा होतो तो इथेच. हेल्पलाइनला ‘माझे गुण चुकलेत’ असं कळवलं जातं, ते निर्णय घेऊ शकत नाहीत आणि तक्रार पडून राहते. उलट ‘पान उघडत नाही’ म्हणून प्राचार्यांना अर्ज दिला जातो. म्हणून खिडकीवर पहिला प्रश्न विचारायचा तो हा: “ही नोंद दुरुस्त करायचा अधिकार कोणाकडे आहे, आणि त्यांना कागद कोणी पाठवायचा?” उत्तरात विभागाचं नाव आलं पाहिजे. ‘सिस्टीम’ हे उत्तर धरू नका.

तंत्रज्ञान आणि परीक्षा या वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत हे कायद्यातही दिसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये माहिती तंत्रज्ञान मंडळ वेगळं आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळ वेगळं. दोन्हींचा मेळ बसला नाही तर काय होतं, ते मुंबईने २०१७ साली पाहिलं. उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायची पद्धत घाईने आणली गेली. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, तयारी अपुरी. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, निकाल संपेपर्यंत सप्टेंबर उजाडला आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पद सोडावं लागलं. परदेशी प्रवेश हुकलेल्या मुलांना तेव्हा ‘तांत्रिक अडचण’ एवढंच ऐकायला मिळत होतं.

अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. अनेक वर्षं मुंबई विद्यापीठाच्या नोंदी एमकेसीएलच्या ‘डिजिटल युनिव्हर्सिटी’वर होत्या. २०२४ च्या पदवी प्रवेशांपासून प्रवेशपूर्व नावनोंदणी ‘समर्थ’वर आली. ही प्रणाली केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या योजनेतून दिल्ली विद्यापीठात तयार झाली आहे. म्हणजे थोरल्या भावाची नोंद एका घरात आणि धाकटीची दुसऱ्या. भावाने सांगितलेला रस्ता बहिणीला चालेलच असं नाही. तुमची नोंद कोणत्या प्रणालीत आहे, हेही विचारून घ्या.

तुमचं महाविद्यालय कोणत्या प्रकारात बसतं?

हे माहीत नसल्यामुळे कलिनाच्या निम्म्या फेऱ्या वाया जातात, असं माझं मत आहे.

- संलग्न महाविद्यालय. भांडुप पश्चिमेच्या एन.ई.एस. रत्नमसारखं. पारंपरिक बीए, बीकॉम, बीएस्सीत पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने महाविद्यालयच घेत आलं आहे. पाचव्या-सहाव्या सत्राच्या परीक्षा विद्यापीठाच्या. म्हणजे दुसऱ्या सत्राचे गुण चुकले तर ते आधी महाविद्यालयातच तपासायचे, सहाव्याचे चुकले तर कलिनाच्या परीक्षा विभागात.
- स्वायत्त महाविद्यालय. मुलुंडचं वझे महाविद्यालय या प्रकारातलं. इथे परीक्षा, निकाल, पुनर्मूल्यांकन सगळं महाविद्यालयाच्या परीक्षा कक्षाकडे. विद्यापीठाचा संबंध मुख्यतः पदवीपुरता.
- दूरस्थ शिक्षण. पूर्वीचं ‘आयडॉल’, आताचं दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र, म्हणजे सीडीओई. नोकरी सांभाळून शिकणारे आपल्या भागात पुष्कळ आहेत. तुमचं ‘कॉलेज’ म्हणजे हेच केंद्र; शेजारच्या महाविद्यालयात परीक्षा केंद्र आलं म्हणून तिथला लिपिक तुमची नोंद उघडू शकत नाही.

कोणती अडचण, कोणाचं दार

पेपर दिला, पण गैरहजर दाखवलं. घाबरू नका, पण वेळही घालवू नका. परीक्षेच्या वर्गात तुम्ही ज्या हजेरीपटावर सही केलीत, त्यावर आसन क्रमांकासमोर उत्तरपत्रिकेचा क्रमांक लिहिलेला असतो. हा तुमचा मुख्य पुरावा आहे, आणि तो परीक्षा केंद्राकडे असतो. चूक बहुधा आसन क्रमांक लिहिताना किंवा गोल भरताना झालेली असते. अर्ज महाविद्यालयामार्फत द्या आणि ‘हजेरीपटाच्या प्रतीसह परीक्षा विभागाकडे पाठवावा’ अशी विनंती अर्जातच लिहा. केंद्र दुसऱ्या महाविद्यालयात असेल तर तिथून प्रत मागवायला आपल्या प्राचार्यांचं पत्र लागतं. एक सावधगिरी: उत्तरपत्रिकेचा क्रमांक लक्षात राहावा म्हणून तो प्रवेशपत्रावर लिहून ठेवायचा सल्ला काही मुलं एकमेकांना देतात. तसं करू नका. प्रवेशपत्रावर काहीही लिहिलेलं सापडलं तर कॉपीचं प्रकरण अंगाशी येऊ शकतं.

निकालासमोर आरएलई किंवा आरआर. ही नापासाची खूण नव्हे. ‘आरएलई’ म्हणजे खालच्या सत्राचा निकाल पूर्ण नसल्याने वरचा अडकला. पुष्कळदा विद्यार्थ्याचा एटीकेटीचा पेपर सुटलेला असतो, पण ते गुण विद्यापीठाच्या नोंदीत चढलेलेच नसतात. चढवायचे महाविद्यालयाने. खालच्या सत्रांच्या सगळ्या गुणपत्रिकांच्या प्रती घेऊन कार्यालयात जा. ‘आरआर’ म्हणजे निकाल राखून ठेवला. बारावी दुसऱ्या मंडळातून किंवा दुसऱ्या राज्यातून केलेल्यांच्या बाबतीत याचं नेहमीचं कारण म्हणजे पात्रता निश्चित न होणं. पहिल्या वर्षी ‘नंतर आणून देतो’ म्हणून राहिलेलं स्थलांतर प्रमाणपत्र तिसऱ्या वर्षी असं आडवं येतं.

नावातली चूक. आधी सगळे कागद टेबलावर मांडा: दहावी, बारावी, आधार, महाविद्यालयाची नोंद. वेगळा कागद कोणता ते पाहा आणि तोच दुरुस्त करा.

- विद्यापीठाच्या नोंदीतच चूक असेल तर बारावीच्या गुणपत्रिकेची प्रत जोडून महाविद्यालयामार्फत अर्ज.
- दहावी-बारावीच्या कागदातच चूक असेल तर शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे.
- नाव खरोखरच बदललं असेल, तर राजपत्रातली नोंद लागते.
- आधारमध्ये चूक असेल तरच आधार बदला. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदा. गडबडीत केलेली दुरुस्ती पुढे नडते.

एबीसी आयडी जुळत नाही. श्रेयांक जमा होणाऱ्या या बँकेचा क्रमांक १२ अंकी असतो आणि तो डिजिलॉकरमधून मिळतो. डिजिलॉकर नाव घेतो आधारवरून, विद्यापीठ घेतं गुणपत्रिकेवरून. आडनाव आधी की शेवटी, एवढ्यावरूनही जुळणी अडते. आधारला जोडलेल्या मोबाइलवरूनच खातं उघडा आणि एकच उघडा. दुसरं खातं उघडून प्रश्न सुटत नाही, उलट श्रेयांक दोन ठिकाणी विखुरतात.

पैसे गेले, पावती नाही. लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेच्या संदेशातला व्यवहार क्रमांक लिहून घ्या, एक दिवस थांबा आणि पोर्टलवर व्यवहाराची स्थिती पुन्हा तपासा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे ऑनलाइन खरेदीत किंवा यूपीआयने व्यापाऱ्याला केलेल्या व्यवहारात खात्यातून पैसे जाऊन समोरच्याकडे पोहोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. ही मागणी करायची आपल्या बँकेकडे, महाविद्यालयाकडे नाही. अर्जाची मुदत मात्र तोपर्यंत थांबत नाही. शेवटच्या दिवशी असं झालं तर त्याच दिवशी महाविद्यालयाला व्यवहार क्रमांकासह लेखी कळवून ठेवा.

शिष्यवृत्ती आली नाही. महाडीबीटी हे राज्य शासनाचं पोर्टल, विद्यापीठाचं नव्हे. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये अडकलाय की पुढे गेलाय, ते तुमच्याच खात्यात दिसतं. मंजूर होऊनही पैसे दिसत नसतील तर आधारशी जोडलेलं बँक खातं कोणतं, ते तपासा. दोन-तीन खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात रक्कम जाते, आणि ते कधीकाळी नोकरीसाठी उघडून विसरलेलं खातं असू शकतं.

अर्ज असा लिहा

एका अर्जात एकच अडचण. भावनिक मजकूर नको. ‘माझ्या भवितव्याचा प्रश्न आहे’ हे वाचून लिपिकाला नोंद सापडत नाही. नोंद सापडते ती पीआरएनने. हा १६ अंकी कायम नोंदणी क्रमांक पाठ असला तर उत्तम. आसन क्रमांक दर परीक्षेला बदलतो, म्हणून तो परीक्षेच्या महिन्यासह लिहायचा. नमुना असा:

*प्रति, मा. प्राचार्य, … महाविद्यालय.*
*विषय: बीकॉम सत्र ५ च्या निकालात ‘…’ या विषयात गैरहजर दाखवल्याबाबत.*
*महोदय/महोदया, माझा पीआरएन … असून … या परीक्षेतील आसन क्रमांक … आहे. दिनांक … रोजी … केंद्रावर मी वरील विषयाची परीक्षा दिली असून हजेरीपटावर माझी सही आहे. निकालात मला गैरहजर दाखवले आहे. हजेरीपटाची प्रत जोडून माझा अर्ज परीक्षा विभागाकडे पाठवावा व पाठवल्याचा जावक क्रमांक मला द्यावा, ही विनंती.*
*सोबत: प्रवेशपत्र, निकालाची प्रत.*

जावक क्रमांकाची विनंती गाळू नका. अर्ज दोन प्रतींत न्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. मग पुढच्या खेपेला ‘माझ्या अर्जाचं काय झालं?’ असं मोघम न विचारता ‘आवक क्रमांक अमुक, पुढे कोणत्या जावक क्रमांकाने गेला?’ असं विचारता येतं. खिडकीपलीकडचा सूर त्याने बदलतो.

ईमेल किंवा ऑनलाइन तक्रार करत असाल तर मिळालेला तक्रार क्रमांक जपा आणि पुढचा पत्रव्यवहार त्याच क्रमांकावर करा. रोज नवी तक्रार टाकली की प्रत्येक वेळी तुम्ही रांगेच्या शेवटी जाता. पडद्याचा फोटो जोडताना तारीख-वेळ आणि वरचा पत्ता दिसेल असा काढा. नुसता लाल अक्षरांचा तुकडा कापून पाठवला तर तंत्रज्ञाला त्यातून काही कळत नाही.

दुकानातून अर्ज भरताना

घरी संगणक नाही म्हणून झेरॉक्सच्या दुकानातून किंवा सायबर कॅफेतून अर्ज भरण्यात काही वावगं नाही. पण दुकानदार घाई असली की स्वतःचा ईमेल आणि मोबाइल टाकून मोकळा होतो. वर्षभराने पासवर्ड विसरलात की ओटीपी त्याच्या फोनवर, आणि तोवर तो फोन बदललेला. यासाठी:

- मोबाइल आणि ईमेल तुमचाच, आणि पदवी हातात येईपर्यंत तोच ठेवा. सिमकार्ड बदलायचं असेल तर आधी पोर्टलवरचा क्रमांक बदला.
- विषय निवडताना पडद्यासमोर स्वतः बसा. परीक्षा अर्जातला चुकीचा विषय प्रवेशपत्र आल्यावर लक्षात येतो, तेव्हा परीक्षा तोंडावर असते.
- काम झाल्यावर लॉगआउट करा, डाउनलोड झालेलं आधार आणि गुणपत्रिका त्या संगणकावरून पुसायला लावा.
- ‘कलिनात ओळख आहे, दोन दिवसांत करून देतो’ म्हणणाऱ्याला पासवर्ड, मूळ कागद किंवा पैसे देऊ नका. अधिकृत शुल्काला नेहमी पावती असते.

दाद कुठे मागायची

निकालाबाबत कायदा स्पष्ट आहे. २०१६ च्या अधिनियमातलं कलम ८९ सांगतं की परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत तो लागला पाहिजे. ४५ दिवस उलटले असतील तर अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करा.

महाविद्यालय आणि परीक्षा विभाग दोन्हीकडून उत्तर मिळत नसेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे विद्यार्थी तक्रार निवारणाचे २०२३ चे विनियम उपयोगी पडतात. त्यानुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. निकालातला विलंब, कागदपत्रं अडवून ठेवणं, शिष्यवृत्तीतली दिरंगाई हे सगळं तिच्या कक्षेत येतं. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तो मान्य नसेल तर १५ दिवसांच्या आत लोकपालांकडे अपील करता येतं, आणि त्यांनी ३० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा. स्वतः हजर राहता येतं किंवा प्रतिनिधी पाठवता येतो. मात्र फक्त ‘गुण कमी पडले, पुन्हा तपासा’ अशी मागणी लोकपाल ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. खोट्या तक्रारीवर कारवाईही होऊ शकते.

माहिती अधिकार हा यानंतरचा मार्ग. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना तेही नाही. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा. ‘माझा निकाल का लागला नाही?’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. कागद मागा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी, हजेरीपटाची प्रत, महाविद्यालयाने पाठवलेल्या पत्राची प्रत. ३० दिवसांत माहिती आली नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केलेला आहे. तरी पुनर्मूल्यांकन करून घ्यायचं असेल तर माहिती अधिकाराची वाट पाहू नका. निकालानंतर विद्यापीठ छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनासाठी जी मुदत जाहीर करतं, ती थोडे दिवसच असते आणि माहिती अधिकाराचे ३० दिवस संपेपर्यंत निघून गेलेली असते.

पदवी प्रमाणपत्र मिळाल्यावर

प्रमाणपत्र हातात आल्यावर फोटो काढण्याआधी ते वाचा. तुमचं, आईचं, वडिलांचं नाव, शाखा, वर्ष, श्रेणी, आणि विद्यापीठाचं नावसुद्धा. हे विनोदाने सांगत नाही. २०२५ मध्ये वाटलेल्या काही प्रमाणपत्रांवर इंग्रजीत ‘मुंबई’च्या जागी ‘मुमाबाई’ असं छापून आलं होतं, आणि ती बदलून देण्याचं विद्यापीठाला जाहीर करावं लागलं. अशी चूक दिसली तर प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका. बदलून घेताना मूळ प्रत परत द्यावी लागते.

कलिनाला जायचंच असेल तर

आधी महाविद्यालयातून तुमच्या अर्जाचा जावक क्रमांक आणि तारीख घ्या. त्याशिवाय गेलात तर परत पाठवतील. परीक्षेची कामं महात्मा जोतिराव फुले भवनात चालतात, दूरस्थ शिक्षणाचं केंद्र डॉ. शंकर दयाळ शर्मा भवनात. दोन्ही विद्यानगरीच्या, म्हणजे कलिनाच्या आवारातच आहेत, पण एका ठिकाणची रांग लावून दुसरीकडचं काम होत नाही. मूळ कागद दाखवायला न्या, द्यायला छायाप्रती न्या. ‘साहेब आले की बघतील, ठेवून जा’ म्हटलं तरी मूळ गुणपत्रिका खिडकीवर ठेवून येऊ नका. ज्याच्याशी बोललात त्याचं पद, खिडकीचा क्रमांक आणि ‘पुन्हा कधी यायचं’ ती तारीख तुमच्या पोच असलेल्या प्रतीच्या मागे तिथेच लिहून घ्या.